अप्पांनी माशांसाठी केलेलं पाणी

"अप्पा, किती वेळा धुणार? खडे आहेत ते, तांदूळ नाहीत."

"तांदूळ आपण शिजवतो तरी. हे कच्चेच राहणार पाण्यात," असं म्हणून अप्पांनी बादली सातव्यांदा मोरीत उपडी केली. चार खडे उचलले, काचेच्या ग्लासात टाकले, वर पाणी ओतलं, ग्लास खिडकीसमोर धरला आणि एक डोळा बारीक करून बघत बसले. "अजून गढूळ आहे. आणखी एक हात मारावा लागंल."

मला हसू येत होतं आणि खरं सांगू का, बरंही वाटत होतं. कारण दोन महिन्यांत माणूस पहिल्यांदा असा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून कामाला बसला होता.

म्हणजे बघा, माझे अप्पा गावच्या फिल्टर हाऊसला ऑपरेटर. कृष्णेचं पाणी वर यायचं, त्यात तुरटी घालायची, गाळ बसवायचा, वाळूतनं गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि गावाला सोडायचं. बत्तीस वर्षं हेच. त्यांचा एकच मंत्र, "शेवटच्या नळाला पिवळं आलं पाहिजे." म्हणजे गावाच्या पार टोकाच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात ओटी म्हणतात त्या औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, मग कुणाचं पोर आजारी पडत नाही. मी लहानपणी अप्पांच्या सायकलवर पुढं बसून गावाचे शेवटचे नळ फिरलेय. दुसऱ्या पोरी बागेत जायच्या, मी परीटवाड्याच्या नळावर.

आणि मग माणूस रिटायर झाला. आई तेव्हाच ताईच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. घरात आम्ही दोघंच. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. अप्पा सकाळी उठून नळ सोडायचे, ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचे आणि नव्या ऑपरेटरला फोन लावायचे. "आज दोन नंबरचा वाळूचा बेड धुतला नाहीस, होय ना?" पंधरा दिवसांनी त्या पोरानं फोन उचलायचंच बंद केलं. मग अप्पा पुण्याला फोन करायला लागले, बाळाचं पाणी किती मिनिटं उकळलं विचारायला.

शेवटी आई वैतागून मला म्हणाली, "हर्षे, त्यांना काहीतरी उद्योग लाव गं. नाहीतर मी बाळाला घेऊन तिकडं येते आणि त्यांना इकडं पाठवते."

म्हणून मी फिशटँक आणला. दोन फुटी. स्टँडमागं दिगंबर भोईचं नवीन दुकान होतं, पोरगा असेल तेवीस-चोवीसचा, बोलायला भलताच मोकळा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "आमचे वडील नदीतनं मासे मारून विकतात आणि मी जिवंत ठेवून विकतो. घरी जेवताना भांडणं होतात." टाकी रिक्षात चढवून देताना त्यानं बजावलं, "हे बघा, खडे धुवा, पाणी भरा, पंप चालू करा आणि आठ दिवस नुसतं फिरू द्या. त्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून गेलं पाहिजे. मग मासे."

मी हे घरी येऊन सांगितलं तर अप्पांनी चष्म्यावरनं बघितलं. "मला पाणी शिकवतोय काय तो?"

"शिकवत नाही हो. माशांचं वेगळं असतं."

"पाणी ते पाणी. आठ दिवस काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

"बरं," म्हणाले. पण त्यांना काहीच न करणं जमलं असतं तर मी टाकी कशाला आणली असती? दुसऱ्या दिवशी कॉलेजातनं आले तर ओट्यावर घरातले सहा पेले ओळीनं मांडलेले, प्रत्येकात पाणी, प्रत्येकात वेगवेगळी तुरटी, आणि अप्पा घड्याळ लावून एकेक पेला चमच्यानं ढवळतायत. फिल्टर हाऊसला अशीच चाचणी करायचे. तिसऱ्या नंबरच्या पेल्यातलं पाणी सगळ्यात लवकर निवळलं म्हणून त्या मापानं टाकीत तुरटी गेली. आणि पाणी काय झालं म्हणता! टाकीत पाणी आहे हे हात घातल्याशिवाय कळत नव्हतं. शेजारच्या कदमकाकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे आम्हीच पिऊन टाकू की, माशांना कशाला!" अप्पा इतके खूश, इतके खूश, की त्या दिवशी पुण्याला फोनच गेला नाही.

आठव्या दिवशी मासे यायचे होते. सकाळी सहाला मी चहा टाकत होते. दारातनं दिसलं, अप्पा टाकीपाशी उभे. हातात ब्लिचिंग पावडरची पुडी. चिमूट घेतली, वाटीत कालवली आणि हळूच पाण्यात ओतली. आणि गुणगुणत होते हो! माझ्या उभ्या जन्मात मी अप्पांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मी प्राणीशास्त्राची विद्यार्थिनी. मला माहीत नव्हतं असं नाही. मी चहाचं पातेलं धरून तशीच उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हणाले, चिमूटभरच तर आहे. माणूस गातोय. आत्ता बोलले तर थांबेल.

आणि मी बोलले नाही.

दहाला मी पिशवीतनं मासे आणले. चार गप्पी, रंगीत शेपट्यांचे, आणि दोन काळ्याकुट्ट मॉली. दिगंबरनं सांगितल्याप्रमाणे पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडले. अप्पांनी धुतलेला शर्ट घातला होता, खरंच सांगते, माशांसाठी. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले.

वीस मिनिटांत सगळे मासे वर आले. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट, उघडमीट.

"बघ, बघ हर्षू," अप्पा म्हणाले, "कसे वर येऊन बघतायत माझ्याकडं. ओळखलं की लगेच!"

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. मी म्हणाले, "अप्पा, पंप जरा वाढवू का?" ते म्हणाले, "कशाला? खेळतायत की." मग एक गप्पी गरगर फिरला आणि आडवा झाला. मग दुसरा. बारा वाजेपर्यंत सहाच्या सहा. मी बादलीत दुसरं पाणी घेऊन काढायला बघत होते, पण बादलीत पाणी तरी कुठलं, नळाचंच. शेवटची मॉली अप्पांच्या तळहातावर गेली. त्यांनी हात तसाच धरून ठेवला होता.

"काय झालं गं यांना?"

त्यांचा आवाज असा होता ना, की मी काय बोलतेय हे मला कळायच्या आत तोंडातनं निघून गेलं. "मासेच आजारी होते अप्पा. मला दुकानातच शंका आली होती."

झालं. मला वाटलं विषय संपला. पण माणूस बत्तीस वर्षं तक्रारी लिहून घेणारा! त्यांनी सहा मासे प्लास्टिकच्या डब्यात भरले, वर टाकीतलंच पाणी ओतलं, झाकण लावून म्हणाले, "हे सॅम्पल. चल."

"कुठं?"

"दुकानात. आज आपल्याला दिले, उद्या लहान पोरांच्या घरात देईल."

दुकानात नेमकी गर्दी. एका शाळेचे सर आलेले, शाळेत मोठी टाकी बसवायची म्हणून दिगंबर त्यांना चित्र काढून दाखवत होता. अप्पांनी डबा त्याच्या वहीवरच ठेवला.

"हे काय आहे?"

"मासे... मेले काय काका?"

"मेले नाहीत, तू मारलेले दिलेस. रोगट माल लोकांच्या गळ्यात घालतोस? लाज नाही वाटत? नगरपालिकेत ओळख आहे माझी, दुकानाला कुलूप लावीन!"

अप्पा ओरडत होते. मी त्यांना ओरडताना कधी बघितलं नव्हतं. दिगंबरनं डब्याचं झाकण उघडलं आणि त्याचं नाक आक्रसलं. ब्लिचिंगचा भपकाराच आला असणार. त्यानं डब्यातनं मान वर केली आणि अप्पांच्या खांद्यावरनं सरळ माझ्याकडं बघितलं.

मी अप्पांच्या मागं उभी राहून हात जोडले.

दिगंबरनं झाकण परत घट्ट लावलं. मग तो म्हणाला, "हो काका. माझ्या टाकीत रोग आलाय. चूक माझीच."

शाळेच्या सरांनी पेन खिशाला लावलं आणि निघून गेले. दिगंबरनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "सोमवारी दुसरे देतो काका. चांगले निवडून." अप्पा जिंकल्यासारखे बाहेर पडले आणि मी डबा उचलायच्या निमित्तानं मागं राहिले तर तो हळू आवाजात म्हणाला, "पाणी तसंच राहिलं तर सोमवारचेपण जातील. त्यांना सांगशील ना?"

"सांगते."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना!"

तो दिवस गुरुवार. गुरुवारी सांगितलं नाही कारण अप्पा जेवले नव्हते. शुक्रवारी सांगितलं नाही कारण जेवले होते. शनिवारी वाक्य पाठ करून गेले, "अप्पा, एक बोलायचं होतं," आणि ते म्हणाले, "बोल की," आणि मी म्हणाले, "भाजी काय करू?" असली मी शूर.

रविवारी सकाळी बाहेर आले तर अप्पा टाकीपाशी. पाणी सगळं बदललेलं, काच लखलखीत, आणि हातात पुडी. ह्या वेळी चिमूट नाही. चमचा.

"अप्पा, हे काय?"

"उद्या नवीन येणार. आधीच्यांचा रोग पाण्यात राहिला असंल. जरा कडकच डोस देतो. मागच्या खेपेला कमीच पडला वाटतं."

माझ्याच खोट्यानं चिमटीचा चमचा केला होता हो. मी पळत जाऊन त्यांचं मनगट धरलं. पावडर सगळी फरशीवर.

"रोग नव्हता अप्पा! रोग नव्हता. ब्लिचिंगनं मेले ते. मी बघितलं होतं तुम्हाला घालताना."

अप्पांनी फरशीवरच्या पावडरीकडं बघितलं. मग म्हणाले, "चिमूटभर होतं."

"त्यांना चिमूटभरही चालत नाही."

"उघडं पाणी आठ दिवस बिनक्लोरीनचं ठेवायचं? आणि त्यात जिवंत जीव सोडायचे?" ते मला विचारत होते, म्हणजे खरंच विचारत होते. "माझ्या हातनं होईना गं. मला वाटलं, लहान जीव आहेत, पाणी सुरक्षित पाहिजे."

मग ते आत गेले. मला वाटलं, आता दार लावून घेणार. पण ते ओटीची बाटली आणि परीक्षानळी घेऊन आले. फिल्टर हाऊसच्या लोकांनी निरोपाच्या दिवशी दिली होती ती. वाटीभर पाणी घेतलं, माशांच्या दिवशीच्या चिमटीच्या हिशेबानं वाटीला येईल तेवढाच कण त्यात अंदाजानं कालवला, नळीत ओतली, थेंब टाकले. नळी पिवळी नाही झाली. नारिंगी झाली. पिकल्या संत्र्यासारखी.

अप्पा नळी धरून खुर्चीत बसले. "एवढ्या गावाला पाणी पाजलं," म्हणाले. "बत्तीस वर्षांत एक पोर दगावलं नाही माझ्या पाण्यानं."

मी फरशीवर बसून पावडर गोळा करत राहिले, नाकाडोळ्यातनं पाणी वाहतंय, अर्धं रडण्याचं, अर्धं ब्लिचिंगचं.

त्यांनी विचारलं, "त्या पोराला वास आला असंल की."

"आला होता."

"मग तो का बोलला नाही?"

"मी हात जोडले. तुमच्या मागनं."

अप्पा उठले. शर्ट घातला, बटणं लावली. "हर्षू, एक ऐक. माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलू नकोस. खरं मला सोसतं. बत्तीस वर्षं गावभर सायकलवर खरं ऐकतच फिरलो ना मी, कुणाचं पाणी येत नाही, कुणाचं गढूळ येतंय. चल आता."

दुकानासमोर आलो तर आत एकच बाई, तीही उभ्या उभ्या माशांचा खाऊ घेणारी. मी आत शिरायला लागले तर अप्पांनी दंड धरला. "थांब. गर्दी होऊ दे."

"कशाला?"

"मी गर्दीत बोललो होतो."

आता रविवार सकाळचे नऊ. कसली गर्दी? आम्ही समोरच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाच्या बाकड्यावर जाऊन बसलो. एक ग्लास झाला, दोन झाले. आत माणूस गेलं की अप्पा मोजायचे, "एक." ते बाहेर आलं की, "शून्य." दिगंबर आतनं आमच्याकडं बघतोय, बिचाऱ्याला वाटतंय, कुलूपच लावायला आलेत. पाऊण तास असा गेल्यावर अप्पा ताडकन उठले आणि गुऱ्हाळवाल्याला म्हणाले, "पाव्हणं, जरा दोन मिनिटं चला. काम आहे." मग चप्पल शिवणाऱ्या रामूमामांना उठवलं. मग बसची वाट बघणारी दोन कॉलेजची पोरं. मग एक फुगेवाला, तो फुग्यांसकट. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

सगळ्यांना आत उभं करून अप्पांनी घसा साफ केला आणि पाणीपुरवठ्याची सूचना वाचावी तसे बोलले, "गुरुवारी मी या दुकानात येऊन या मुलाला वाट्टेल तसं बोललो. रोगट मासे देतो म्हणालो. ते खोटं होतं. मासे मी मारले. क्लोरीन घातलं म्हणून मेले. याला ते कळलं होतं, तरी यानं दोष स्वतःवर घेतला. त्या दिवशी जे सर इथनं गेले, त्यांच्या शाळेत मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे. झालं. या तुम्ही."

"म्हणजे आम्ही काय करायचं?" फुगेवाल्यानं विचारलं.

"ऐकलंत ना? मग झालं."

दिगंबर तर कान लाल होऊन उभा. "काका, बसा हो. अहो कशाला एवढं..."

"बसतो. पण आता नीट शिकव."

तर त्यानं काय केलं असेल? मागच्या जुन्या टाकीतनं स्पंजाचा तुकडा काढला. काळपट, बुळबुळीत, ठिबकणारा. पिशवीत घालून अप्पांपुढं धरला. "हा तुमच्या टाकीत पिळायचा."

अप्पा मागं सरकले. "ही शेवाळाची घाण?"

"घाण नाही काका. यात बारीक जीव असतात. माशांची घाण तेच खातात. ते असले तर पाण्यात मासे टिकतात. ब्लिचिंगनं तेच आधी मरतात."

"त्यांना मारायचाच तर पगार होता माझा!" अप्पा म्हणाले आणि दुकानातली सगळी माणसं हसली. अप्पा हसले नाहीत. ते त्या स्पंजाकडं बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला. एकदा मागं घेतला, परत पुढं केला, खोटं कशाला बोलू. पिशवी घेतली, आणि स्टँडपासून घरापर्यंत ती अशी दोन्ही हातांत धरून आणली की समोरून येणाऱ्या कदमकाकूंनी विचारलं, "प्रसाद काय भाऊजी?"

नवीन पाणी भरलं, त्यातलं क्लोरीन आठ दिवस उडू दिलं, मग अप्पांनी स्वतःच्या हातानं तो स्पंज टाकीत पिळला. पाणी गढूळलं. माणूस कळवळला अक्षरशः. पण समोर खुर्ची टाकून बसला आणि तीन आठवडे त्या पाण्याला त्यानं हात लावला नाही. रोज सकाळी दिगंबर दुकान उघडायच्या आधी येऊन बघून जायचा. "अजून नाही काका." अप्पा म्हणायचे, "नाही तर नाही." बाविसाव्या दिवशी पाणी आपोआप निवळलं. तुरटीच्या पाण्यासारखं लख्ख नाही, जरासं पिवळसर, पण निवळलं. मग मासे आले. आणि वर तोंड काढून कुणी अप्पांना ओळखलं नाही. खाली आपापले फिरत राहिले. अप्पा म्हणाले, "बघत नाहीत ते बरंय."

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय, तर तुम्ही दर वेळी विचारता, घरी सांगायची हिंमत कशी झाली तुझी. जात वेगळी, आईचा स्वभाव तुम्हाला ठाऊक. खरं सांगते, दोन वर्षांनी दिगंबरनं मला विचारलं तेव्हा मी रात्र-रात्र जागले वगैरे काही नाही. मी घरी आले, अप्पा टाकीसमोर वर्तमानपत्र वाचत होते, मी चप्पलही न काढता म्हणाले, "अप्पा, मला दिगंबरशी लग्न करायचंय." भाजी काय करू विचारलं नाही.

अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. उठले, टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत दिगंबर दर खेपेला घेऊन यायचा त्या माशांच्या खाऊच्या डब्या. एकावर एक, सील न फोडलेल्या.

"एकोणीस आहेत," ते म्हणाले. "आठ मासे आहेत आपले. हत्ती नाहीत." दार लावलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. "त्याला म्हणावं, आता खाऊ पुरे. आईवडिलांना घेऊन ये. आणि हर्षू, तुझ्या आईचं मी बघतो."